पहिली रोड बाइक: पन्नास हजारांत तीन पर्याय, दुकानात उभं राहून नेमकं काय तपासायचं?

पायवाट_पुणे

नमस्कार मंडळी. पहिली रोड बाइक घ्यायची आहे. हेल्मेट, लाइट, पंप धरून बजेट ५०,०००. त्यात तीन सायकली बसतात:

अ) नवी, ३२,०००. ॲल्युमिनियम फ्रेम, स्टीलचा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), शिमानो टूर्नी ए०७० गिअर (२×७, म्हणजे पुढे २ आणि मागे ७ चक्रं), पुढे ५०/३४ दात, मागे १४–२८ फ्रीव्हील, कॅलिपर ब्रेक (रिम दाबणारे), २५ मिमी टायर. वजन १२.१ किलो.

ब) नवी, ४४,०००. ॲल्युमिनियम फ्रेम, कार्बन फोर्क, शिमानो क्लॅरिस आर२००० (२×८), पुढे ५०/३४, मागे ११–३२ कॅसेट, केबलवरचे डिस्क ब्रेक, २८ मिमी टायर. ११.३ किलो. साइझ ५२.

क) चार वर्षं वापरलेली, ३५,०००. ॲल्युमिनियम फ्रेम, कार्बन फोर्क, शिमानो सोरा आर३००० (२×९), ५०/३४, मागे ११–२८, कॅलिपर ब्रेक, २५ मिमी टायर. १०.२ किलो. साइझ ५४. साधारण ९,००० किमी चाललेली, असं विकणारे सांगतात.

उंची १६८ सेमी, वजन ७४ किलो. रोज ऑफिसला जाऊन-येऊन २२ किमी (पावसाळ्यातही), रविवारी बोपदेव घाट किंवा सिंहगड, आणि हिवाळ्यात २०० किमीची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) करायची इच्छा आहे. क सगळ्यात हलकी आणि गिअर जास्त, म्हणून मन तिकडे ओढतंय. दुकानात अर्धा तास सायकल हातात मिळाली तर मी काय बघू?

---

आरे_छर्रे

गिअर किती, हे सगळ्यात शेवटी बघा. या किमतीत सायकल कमी-जास्त ठरते ती मागच्या हबवर, चाकावर आणि मापावर. डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) नंतरही बदलता येतो.

आधी अ चा मुद्दा. तिच्यात मागे फ्रीव्हील आहे, म्हणजे गिअरचा गठ्ठा हबवर आट्याने फिरवून बसवलेला. अशा हबमध्ये उजव्या बाजूचे छर्रे गठ्ठ्याच्या आत, हबच्या मधल्या भागात राहतात आणि तिथून फ्रेमपर्यंतचा साधारण चार सेंटीमीटर एक्सल निराधार लोंबतो. ७४ किलोचा माणूस, पाठीवर लॅपटॉप आणि रोजचे स्पीडब्रेकर असले की हा एक्सल वाकतो, कधी तुटतोही. वाकला हे ओळखायचं कसं? मागचं चाक काढा, क्विक रिलीजची काडी बाहेर ओढा आणि एक्सलचं टोक बोटांनी हळूहळू फिरवा. टोक जागच्या जागी फिरलं तर सरळ, गोल घिरट्या घालू लागलं तर वाकलेला.

ब आणि क मध्ये फ्रीहब आहे. त्यात उजवे छर्रे अगदी बाहेरच्या टोकाला असतात, एक्सलला फ्रेमजवळच आधार मिळतो. शिवाय कॅसेट झिजली की तेवढीच बदलायची. माझ्या मते ३२ आणि ४४ हजारांमधल्या फरकातला मोठा हिस्सा इथेच वसूल होतो.

दुकानात अंदाज घ्यायचा तर मागच्या गठ्ठ्याच्या मध्यभागी बघा. बाहेर चपटी लॉकरिंग आणि तिच्या आतल्या काठाला बारीक खाचा दिसल्या तर कॅसेट. लॉकरिंग नसून, गठ्ठा उलटा फिरवल्यावर मधला भाग जागेवरच थांबत असेल तर फ्रीव्हील.

टूर्नीबद्दल आणखी एक. ए०७० शिफ्टरमध्ये एक बाजूचा गिअर ब्रेक लिव्हर आत ढकलून पडतो, पण दुसऱ्या दिशेसाठी हूडच्या (ब्रेक लिव्हरवरच्या रबरी मुठीच्या) आतल्या बाजूला अंगठ्याचं बटण आहे. हात हूडवर असताना ते ठीक चालतं. खालच्या वाकड्या भागावर, म्हणजे ड्रॉप्सवर हात असले की अंगठा तिथवर पोचत नाही. क्लॅरिसला ब्रेक लिव्हरच्या मागे दुसरा छोटा लिव्हर आहे, तो दोन्ही जागांवरून सापडतो. घाट उतरताना हात ड्रॉप्सवर ठेवायचे असतात, म्हणून हे महत्त्वाचं.

---

घाटवाट

वरच्याशी सहमत. मी चढाचा हिशोब मांडतो, कारण सिंहगड लिहिलंय.

सगळ्यात हलका गिअर म्हणजे पुढच्या छोट्या चेनरिंगचे दात भागिले मागच्या मोठ्या चक्राचे दात. अ आणि क दोन्हींमध्ये ३४ भागिले २८, म्हणजे १.२१. ब मध्ये ३४ भागिले ३२, म्हणजे १.०६. क ला नऊ गिअर असले तरी चढावर ती अ इतकीच जड आहे. जास्तीचे दोन गिअर मधल्या आणि वेगाच्या बाजूला गेलेत.

मिनिटाला ६० फेऱ्यांनी पॅडल मारलं तर क चा वेग ताशी ९.२ किमी आणि ब चा ८.२ किमी. तुम्ही, सायकल आणि पाण्याच्या बाटल्या मिळून ८७ किलो धरा. ८ टक्क्यांच्या चढावर ८.२ किमीने जायला साधारण १७० वॉट लागतात आणि ९.२ ने जायला १९०. नव्या माणसाला १७० वॉटच तासभर टिकवणं अवघड असतं. ताकद तेवढीच असेल तर क वर पायांचे फेरे ५४ वर येतात, आणि सिंहगडाच्या वळणांवर चढ दहाच्या पुढे गेला की पंचेचाळीसच्याही खाली. इतक्या कमी फेऱ्यांत भार फुप्फुसांवरून गुडघ्यांवर येतो. क १.१ किलोने हलकी आहे ना? ८७ मध्ये १.१ किलो म्हणजे सव्वा टक्का. चार दातांचा फरक बारा-तेरा टक्क्यांचा आहे.

वरच्या टोकाची काळजी करू नका. अ मधला सगळ्यात जड गिअर ५०/१४ आहे, म्हणून तिला 'वेग नाही' असं कुणी म्हणेल. ९० फेऱ्यांना त्यावरही ४० किमीचा वेग निघतो. त्याहून वेगात आपण उतारावरच असतो, आणि तिथे पॅडल मारायची गरज नसते.

क घ्यायचीच झाली तर मागे ३२ ची कॅसेट बसेल का, हे आधी बघा. मागच्या डिरेलरवर आतल्या बाजूला मॉडेल नंबर कोरलेला असतो. शेवटी जीएस असेल तर लांब केज (डिरेलरच्या दोन छोट्या चाकांची चौकट), ३४ दातांपर्यंत घेतो. एसएस असेल तर छोटा केज, २८ च्या पुढे त्याच्यावर भरवसा नको.

बीआरएमसाठी: २०० किमीला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे थांबे धरून ताशी १५ ची सरासरी. तिन्ही सायकलींवर ते होतं. त्या दिवशी वेगापेक्षा हातांना येणाऱ्या मुंग्या आणि पंक्चर जास्त छळतात, म्हणून २८ मिमी टायरला माझं मत. ७४ किलोला मागे ७५ आणि पुढे ७० पीएसआय पुरे. २५ मिमीला हेच ९० आणि ८२ च्या आसपास ठेवावं लागतं, आणि आपल्याकडच्या डांबरावर फरक मनगटांना कळतो. अ किंवा क ला २८ बसतो का, तेही मोजून घ्या. कॅलिपर ब्रेकच्या कमानीखाली आणि फोर्कच्या मानेखाली टायरच्या वर किमान ४ मिमी मोकळी जागा हवी. ओल्या रस्त्यावर खडी चिकटते, जागा कमी असली की टायर घासून सोलतो.

---

मापपट्टी

क बद्दल कुणी मापाचं बोललं नाही. १६८ सेमीला ५४ ही साइझ काठावरची आहे. उंचीपेक्षा पायांचं माप घ्या. अनवाणी भिंतीला टेकून उभ्या राहा, एक जाड पुस्तक पायांच्या मधून सीटसारखं वर घट्ट दाबा, पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. त्या आकड्याला ०.८८३ ने गुणा. येईल ती बॉटम ब्रॅकेटच्या (पॅडलची धुरी जिथे बसते त्या भागाच्या) मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची. सुरुवात तिथून करायची, मग पाच मिमी इकडेतिकडे.

सीट खाली-वर होते, लांबी तशी होत नाही. ब आणि क च्या इफेक्टिव्ह टॉप ट्यूबचा (सीटच्या नळीपासून हँडलच्या नळीपर्यंतच्या आडव्या अंतराचा) आकडा कंपनीच्या चार्टमध्ये असतो, तो लिहून आणा. हँडलला स्टेम (हँडल सायकलला जोडणारा तुकडा) किती मिमीचा आहे तेही बघा. स्टेम ११० वरून ८० वर आणता येतो, त्याहून आखूड केला तर हँडल चंचल होतं.

जुनी सायकल तपासायला खिशात बारा इंची स्टीलची पट्टी, एक मऊ फडकं आणि ४, ५, ६ च्या ॲलन की ठेवा. माझा क्रम असा असतो:

सायकल उलटी करून फडक्याने फ्रेम पुसा. हँडलच्या नळीमागे, खालच्या जाड नळीच्या पोटाशी रंगाला फुगवटा किंवा आडवी सुरकुती दिसली तर सायकल कशावर तरी समोरून आदळलेली आहे. तिथेच थांबा, किंमत कितीही कमी करोत. बॉटम ब्रॅकेटभोवतीच्या वेल्डिंगवर आणि सीटच्या क्लॅम्पखाली केसासारखी रेघ आहे का, नखाने चाचपा. नख अडकलं तर ती भेग, नाही अडकलं तर बहुधा रंगाचा ओरखडा.

मग सीटपोस्ट सैल करून हलवा. ॲल्युमिनियमची फ्रेम आणि ॲल्युमिनियमचा पोस्ट घाम आणि पावसाच्या पाण्याने एकमेकांना धरतात. मुंबई-कोकणातून आलेल्या सायकलींत हे फार दिसतं. अडकलेला पोस्ट काढताना फ्रेम जायची भीती असते.

चेनवर पट्टी ठेवा. एका पिनेच्या मध्यापासून बारा पूर्ण कड्या मोजा. नव्या चेनला ३०४.८ मिमी भरतात. ३०६.३ म्हणजे अर्धा टक्का ताणली, बदलायची वेळ. ३०७ च्या पुढे गेली तर तिने कॅसेटचे दातही खाल्लेत, नवी चेन टाकली की जोर लावताच उडी मारेल.

रिमच्या ब्रेक लागणाऱ्या भागावर पट्टीची कड आडवी धरा. मध्ये उजेड दिसला तर रिम खोलगट झाली. कॅलिपर ब्रेकवर पावसाळे काढलेल्या सायकलींचं मागचं चाक आधी जातं, कारण शूमध्ये वाळू अडकून ती रिम कानशीसारखी घासते.

मागून डिरेलरकडे बघा. दोन्ही छोटी चाकं कॅसेटच्या दातांच्या सरळ खाली हवीत. आत झुकली असतील तर हँगर (डिरेलर फ्रेमला अडकवणारा तुकडा) वाकलाय. हे दुरुस्त होतं, पण सायकल उजव्या बाजूला पडली होती याचा तो पुरावा. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवा, हँडलच्या मुळाशी टकटक जाणवली तर हेडसेट सैल. क्रँक (पॅडलचा दांडा) धरून आडवा हलवा, खेळ असेल तर बॉटम ब्रॅकेट गेलं.

---

आरे_छर्रे

ब च्या डिस्कबद्दल सावध करतो. केबलवरच्या स्वस्त डिस्कमध्ये पिस्टन बहुतेक एकाच बाजूला असतो. तो पॅड ढकलतो, मधली थाळी (डिस्क) थोडी वाकते आणि समोरच्या स्थिर पॅडवर टेकते. पॅड झिजत गेले की आतला पॅड स्क्रूने पुढे घ्यावा लागतो, नाहीतर लिव्हर हँडलला टेकतो. चांगला कॅलिपर ब्रेक याहून हलका, आणि कोरड्यात थांबवायला कमी नाही.

---

घाटवाट

कोरड्यात मान्य. पण पायवाट_पुणे पावसाळ्यातही रोज ऑफिसला जाणार आहेत. ओल्या रिमवर पहिले एक-दोन फेरे ब्रेक लागतच नाही, आधी पाणी पुसलं जातं. डिस्कला हे जवळपास नाही. शिवाय झिजते ती थाळी आणि पॅड, रिम वाचते. तुम्ही म्हणता ती समायोजनाची कटकट खरी, पण ती महिन्यातून पाच मिनिटांची. बोपदेव उतरताना पुढे एसटी थांबली तर मला ओल्यात डिस्कच हवा.

---

पायवाट_पुणे

सगळ्यांचे आभार. शनिवारी पट्टी घेऊन दोन्हीकडे जाऊन आले. आकडे देते.

पायांचं माप ७७ सेमी, म्हणजे सीट ६८ सेमीवर. टॉप ट्यूब: ब ची ५२५, क ची ५४५ मिमी. स्टेम: ब चा ९०, क चा ११०.

क: बारा कड्या ३०७ मिमी. मागच्या रिमवर पट्टीखाली उजेड दिसला, पुढची सपाट. डिरेलर थोडा आत झुकलेला, मॉडेलच्या शेवटी जीएस. फ्रेमला भेग किंवा फुगवटा नाही. सीटपोस्ट सहज हलला. हूडवर हात ठेवले की कोपर पूर्ण ताठ होतात.

ब: मागचं चाक हातात धरून एक्सल फिरवला तर खरखरीत लागतो, अडखळत फिरतो. पुढची थाळी प्रत्येक फेऱ्यात एकदा घासल्याचा आवाज येतो. दुकानदार म्हणाले, नवी आहे, चालवली की मोकळी होईल. खरं का? हूडवर कोपर सैल राहतात, पण ब्रेक लिव्हर बोटांना लांब पडतो.

---

मापपट्टी

ताई, कोपर ताठ होणं हेच उत्तर आहे. क ची टॉप ट्यूब २० मिमी लांब आणि स्टेमही २० मिमी लांब, म्हणजे पोहोच ब पेक्षा ४० मिमी जास्त. ८० चा स्टेम टाकलात तरी १० मिमी उरतेच. शंभर किमीनंतर हे मानेत आणि तळहातात उतरतं.

खर्चही मांडून बघा. ढोबळ भाव धरतो, दुकानागणिक थोडे बदलतील: नऊ गिअरची चेन १,५००, ११–३२ कॅसेट २,५००, ब्रेक शू ८००, गिअर-ब्रेकच्या केबल बाहेरच्या आवरणासकट १,०००, बार टेप ६००, मागच्या चाकाला नवी रिम आणि नवे आरे मजुरीसह ४,५००, स्टेम १,०००. एकूण ११,९००. पस्तीस आणि हे मिळून ४६,९००, म्हणजे ब पेक्षा महाग आणि मापात तरीही मोठी. विकणाऱ्यांनी फसवलंय असं नाही, ९,००० किमीला हे सगळं झिजतंच. पण ही किंमत २४–२५ हजारांच्या वर नको, आणि तीही १७५ सेमीच्या माणसाला.

---

आरे_छर्रे

'चालवली की मोकळी होईल' हे चूक आहे. नव्या सायकलीचा हब खरखरतो कारण कारखान्यात कोन (एक्सलवरचे, छर्रे दाबून धरणारे शंकूसारखे नट) जास्त आवळलेले असतात आणि ग्रीस जेमतेम घातलेलं असतं. तशीच चालवली तर छर्रे कपमध्ये (ते ज्या वाटीत फिरतात तिच्यात) खड्डे पाडतात. कोन बदलता येतो, पण कप हबमध्येच बसवलेला असतो, तो खराब झाला की हब गेला. पैसे देण्याआधी हे करून घ्या:

दोन्ही हबचे कोन सैल करून, ग्रीस बघून पुन्हा लावायला सांगा. योग्य लावलेला हब क्विक रिलीज उघडी असताना किंचित हलतो आणि लिव्हर बंद केली की खेळ नाहीसा होतो. उघडी असतानाच खेळ नसेल तर लिव्हर बंद केल्यावर तो जास्तच आवळला जातो.

थाळी घासतेय तिथे दोन कारणं असतात. फेऱ्यात एकदाच 'शिक्' असा आवाज म्हणजे थाळी एका जागी वाकली आहे, ती हत्याराने सरळ करतात. सतत आवाज म्हणजे ब्रेकची बॉडी मध्यावर नाही, तिचे दोन बोल्ट सैल करून, लिव्हर दाबून धरून पुन्हा आवळायचे. तुमच्याकडे पहिलं आहे.

चाकाचा आऊट बघा. चाक जोरात फिरवून फ्रेमच्या नळीजवळ पेनाचं टोक धरा. रिम आणि टोकातली फट एक मिमीपेक्षा जास्त कमी-जास्त होत असेल तर आऊट काढून घ्या. शेजारशेजारचे दोन-दोन आरे बोटांनी दाबा, एका बाजूचे सगळे साधारण सारखेच ताठ लागले पाहिजेत. सैल आरा असलेलं चाक दोनशे किमीत पुन्हा वाकतं.

सीटपोस्टला आणि पॅडलच्या आट्यांना ग्रीस लावलंय का, समोर बघा. डावं पॅडल उलट्या आट्याचं असतं. ते घाईत तिरपं चढवलं तर ॲल्युमिनियमच्या क्रँकचे आटे कापले जातात आणि नवा क्रँक घ्यावा लागतो. स्टेमचे बोल्ट ५ न्यूटन मीटरला, तेही चारही बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे. ब्रेक लिव्हर जवळ आणता येतो, ते तिथेच तुमच्या बोटांच्या मापाने करून घ्या.

---

घाटवाट

किमतीचं एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय. लेबलवरची छापील किंमत जुनी असेल तर बिल कुठल्या दराने होणार ते विचारा. ब ४४ ला मिळाली तर उरलेल्या ६,००० मध्ये हेल्मेट, पुढचा-मागचा लाइट, जमिनीवर उभा राहणारा प्रेशर मीटरवाला पंप, दोन ट्यूब आणि टायर लिव्हर बसवा. ट्यूब घेताना रिमचं भोक बघा: बारीक प्रेस्टा वाल्व्हला साडेसहा मिमी, मोटरसायकलसारख्या श्रेडरला साडेआठ. श्रेडर साडेसहात जाणारच नाही.

नवे डिस्क पॅड पहिल्या दिवशी धरत नाहीत, घाबरू नका. सपाट मोकळ्या रस्त्यावर ताशी वीसच्या वेगातून चालण्याच्या वेगापर्यंत एक-एक ब्रेक दाबत यायचं, पूर्ण न थांबता. प्रत्येक ब्रेकला पंधरा-वीस वेळा. पॅडचा थर थाळीवर सारखा बसतो आणि किंचाळणं कमी होतं. हे केल्याशिवाय घाट उतरू नका.

---

आरे_छर्रे

१५०–२०० किमी झाले की पुन्हा दुकानात न्या. केबल आपल्या आवरणात बसतात आणि मागचा गिअर मोठ्या चक्रावर चढायला उशीर करतो. डिरेलरजवळचा गोल नॉब, मागे उभं राहून बघितलं तर, पाव फेरा घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा, एका वेळी तेवढाच. एच आणि एल लिहिलेल्या स्क्रूंना हात लावायचा नाही. एल चुकला तर चेन मोठ्या चक्रावरून थेट आऱ्यांत जाते. आणि बिलावर फ्रेम नंबर लिहून घ्या, बॉटम ब्रॅकेटच्या खाली कोरलेला असतो. बिलावरचा आणि फ्रेमवरचा नंबर जुळवूनच सायकल बाहेर काढा, वॉरंटीचा क्लेम त्याच नंबरावर होतो.